घराची डागडुजी : कायदा, विमा आणि परभणी जिल्हा

परभणी जिल्ह्यात घराची डागडुजी बहुधा चैत्र-वैशाखात निघते. रब्बी उरकलेली असते, कापूस आणि हरभऱ्याचे पैसे हातात आलेले असतात आणि मृगाच्या आत गळके छत आवरून घ्यायचे असते. मिस्त्रीशी बोलणे ओट्यावर बसून होते, इसार दिला जातो आणि दोन दिवसांत वाळू-सिमेंट दारात येऊन पडते. या बोलण्यात दर पक्का ठरतो, मुदत अर्धीमुर्धी ठरते. मजूर शिडीवरून पडला तर दवाखाना कोणी करायचा, खोदकामाने शेजाऱ्याची भिंत तडकली तर कोणी भरून द्यायची, घराचा विमा असेल तर तो तोडफोडीच्या काळात कितपत लागू राहतो, हे मात्र ठरत नाही. अपघात झाल्यावर न्यायालय आणि विमा कंपनी यांना नेमके हेच जाणून घ्यायचे असते. दोघांचे प्रश्न थोडक्यात दोनच : काम कोणाच्या हुकुमाखाली चालू होते आणि नुकसान कशामुळे झाले. या दोन्हींची उत्तरे पहिला घाव घालण्यापूर्वीच्या व्यवहारात दडलेली असतात, म्हणून घरदुरुस्तीच्या कायद्याचा अभ्यास त्या व्यवहारापासूनच सुरू करावा लागतो.

त्याआधी घर कसले आहे हे पाहणे भाग आहे. जिल्ह्याच्या जुन्या गावठाणांत अजून माळवदाची घरे आहेत : दगड-मातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. नव्या वस्त्यांत पत्र्याची आणि स्लॅबची घरे आहेत. बहुतेक घरांखाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि उथळ पायावरच्या भिंतीला दर दोन-चार वर्षांनी तिरपी चीर पडते. दगड-मातीची सांधे न बांधलेली रुंद भिंत किती घातक ठरते, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर-उस्मानाबाद भागात दाखवले. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली परिसरात केंद्र असलेले सुमारे ४.५ तीव्रतेचे धक्के परभणीतही जाणवले. सप्टेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीने गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठच्या वस्त्यांना झोडपले. मातीने पडलेली चीर, झडीने खचलेले माळवद, पुराने वाहून गेलेली भिंत आणि मिस्त्रीच्या चुकीने कोसळलेला छज्जा डोळ्यांना सारखेच दिसतात. कायद्याच्या आणि विम्याच्या नजरेत ही चार वेगळी प्रकरणे आहेत.

दुरुस्ती कुठे संपते आणि बांधकाम कुठे सुरू होते, हा पहिला कायदेशीर प्रश्न. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ प्रमाणे नियोजन क्षेत्रात परवानगीशिवाय विकासकाम करता येत नाही. मात्र इमारतीच्या आतल्या भागापुरते किंवा बाह्य स्वरूपात फारसा फरक न पाडणारे देखभालीचे काम त्यातून वगळले आहे. गिलावा, रंग, फरशी, नळ, सडलेली चौकट, गंजलेला पत्रा बदलणे ही कामे या सवलतीत बसतात. पत्रे काढून स्लॅब टाकणे, भार पेलणारी भिंत पाडून दोन खोल्यांची एक करणे, मजला चढवणे, ओसरी रस्त्याकडे सरकवणे ही बसत नाहीत, मग घरमालक त्यांना दुरुस्ती म्हणो की आणखी काही. परभणी शहरात ही परवानगी महानगरपालिकेची (१ नोव्हेंबर २०११ पासून, त्याआधी नगरपरिषद होती), गंगाखेड, सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, पूर्णा, सोनपेठ येथे नगरपरिषदेची, पालम येथे नगरपंचायतीची. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. तिने लहान भूखंडांसाठी प्रक्रिया पुष्कळ सोपी केली : १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नोंदणीकृत तांत्रिक व्यक्तीने सही केलेला नकाशा दाखल करून शुल्क भरल्याची पावतीच परवानगीसारखी चालते. खेड्यात ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे घर बांधण्यास किंवा पुन्हा उभारण्यास ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी लागते. प्रत्यक्षात ती मागणारे थोडेच, आणि भाऊबंदकीचा वाद निघाला की विरोधी बाजूचा वकील पहिले बोट याच जागी ठेवतो.

घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हा मुद्दा अनेकांच्या गळी उतरत नाही. नमुना नंबर ८ चा उतारा ही करआकारणीची नोंद आहे. त्याने मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकामाला मंजुरीही मिळत नाही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. ती पत्रिका हाती आली असेल तर दुरुस्तीच्या कर्जाला आणि विम्याला भक्कम आधार मिळतो. परभणी शहराच्या कडेच्या गुंठेवारी वस्त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली आणि त्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीखाली नियमितीकरण झाले आहे की नाही, हे मोठ्या दुरुस्तीला हात घालण्याआधी पाहिलेले बरे. नाहीतर नव्या स्लॅबचा खर्च नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ च्या नोटिशीखाली जातो.

सामाईक घराची गोष्ट आणखी नाजूक. वडील वारले, तिघा भावांची नावे लागायची राहिली, घरात एक भाऊ राहतो आणि तोच छत बदलतो. हे चित्र गावोगाव आहे. पदरचा पैसा घालून केलेल्या दुरुस्तीने वाटा वाढत नाही. वाटणीच्या वेळी खर्चाचा हिशेब मागता येतो, तोही बिले आणि इतरांची संमती दाखवता आली तर. विम्याचेही तसेच. पॉलिसी मयत वडिलांच्या नावावरच राहिली तर दावा मंजूर होण्याआधी वारसा सिद्ध करण्याची दगदग मागे लागते.

आता करार. भारतीय करार अधिनियम, १८७२ ला तोंडी करार चालतो. अडचण पुराव्याची असते. मराठवाड्यात दोन पद्धती रुळलेल्या आहेत. एक गुत्त्याची : गुत्तेदार ठरावीक रकमेत, मालासह किंवा नुसत्या मजुरीवर, काम पुरे करून देतो. दुसरी रोजंदारीची : माल मालकाचा, मिस्त्री आणि बिगारी हजेरीवर, आणि रोज सकाळी मालकच सांगतो आज काय करायचे. स्वस्त कोणती यावर लोक तासन्‌तास बोलतात. जबाबदारी कोणत्या पद्धतीत कोणाकडे जाते, यावर कोणी बोलत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या व्याख्येत गृहबांधणी ही सेवा आहे, आणि लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच ते मान्य केले होते. त्यामुळे गुत्तेदाराने वॉटरप्रूफिंग निकृष्ट केले तर मालक ग्राहक म्हणून जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. हजेरीवरच्या मिस्त्रीने तीच चूक केली तर हा रस्ता बहुधा बंद असतो, कारण ‘व्यक्तिगत सेवेचा करार’ कायद्याने सेवेच्या व्याख्येतून वगळलेला आहे. गुत्त्यावर चार पैसे जास्त पडतात, त्यांतला काही भाग या हक्काची किंमत असते.

लेखी कराराला दोन पाने पुरतात. कामाचे मोजमाप, सिमेंटचा प्रकार, सळईचा व्यास, मिश्रणाचे प्रमाण, गिलाव्याची जाडी, किती दिवस पाणी मारायचे हे सगळे आकड्यांत लिहावे. ‘चांगले काम’ या दोन शब्दांवर कोणतेही न्यायालय निकाल देऊ शकत नाही. हप्ते तारखांना बांधू नयेत, टप्प्यांना बांधावेत : पाया, भिंत, सेंटरिंग, स्लॅब, गिलावा. शेवटचा हप्ता एक पावसाळा पाहून द्यावा. गळतीच्या कामात हे कलम सगळ्यांत उपयोगी पडते आणि गुत्तेदार सगळ्यांत जास्त विरोध याच कलमाला करतात. उशिराबद्दल दंडाची रक्कम लिहिली असेल तर करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देते. लिहिलेला आकडा आपोआप मिळत नाही. जादा कामाचे वाद कलम ७० वर येतात : एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर वाजवी मोबदला द्यावा लागतो. ‘हे मी सांगितलेच नव्हते’ एवढा बचाव त्यापुढे तोकडा पडतो. म्हणून कराराबाहेरचे प्रत्येक काम लेखी मान्य झाल्याशिवाय सुरू करायचे नाही, अशी एक ओळ मुळातच घालावी. मोबाइलवरचा संदेशही चालतो, मात्र भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे तो प्रमाणपत्रासह सादर करावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा किरकोळ करारांसाठी १०० रुपयांच्या मुद्रांकाची जागा ५०० रुपयांच्या मुद्रांकाने घेतली. साध्या कागदावरचा करार त्यामुळे रद्द ठरत नाही. तो पुराव्यात आणताना शुल्क आणि दंड भरावा लागतो, एवढेच.

मजुराच्या अपघाताचा विषय घरमालकांना सर्वांत कमी ठाऊक असतो आणि सर्वांत महाग पडतो. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कारखान्यांबरोबर इमारतींचे कामही येते. एकाहून अधिक मजल्यांच्या, किंवा जमिनीपासून छताच्या टोकापर्यंत १२ फूट व अधिक उंचीच्या इमारतीची दुरुस्ती आणि पाडकामही त्यात आहे. जोते, भिंत, स्लॅब आणि कठडा धरला तर साधे एकमजली घरही या उंचीच्या आसपास पोचते. पूर्वी मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या प्रासंगिक कामावरच्या मजुराला हा कायदा लागू नव्हता. २००० च्या दुरुस्तीने ती सूट काढून टाकली. भरपाईची रीत ठरलेली आहे : मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयाच्या गुणकाने गुणायचे. दरमहा १५,००० रुपये वेतन आणि ३० वर्षे वय धरले तर गुणक २०७.९८ येतो आणि रक्कम १५ लाख ५९ हजार ८५० होते. परभणीत जुन्या घराच्या दुरुस्तीचा सगळा खर्चही कित्येकदा एवढा नसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला. हिशेबाची रीत तीच ठेवली आहे.

ही रक्कम कोणी द्यायची, हे पुन्हा गुत्ता की रोजंदारी यावरच ठरते. हजेरी मालक भरत असेल, उचल तो देत असेल, काम तो सांगत असेल, तर नियोक्ता तोच. खरा गुत्ता असेल तर नियोक्ता गुत्तेदार. गुत्तेदाराच्या मजुरांची भरपाई मूळ मालकाकडून वसूल करण्याची १९२३ च्या कायद्यातली कलम १२ ची तरतूद स्वतःच्या व्यापार-धंद्यासाठी काम देणाऱ्याला उद्देशून आहे. राहत्या घराचा मालक सहसा तीत सापडत नाही. पण गुत्ता नुसता नावाचा असेल आणि मजुरी थेट मालक वाटत असेल, तर नाव बाजूला सारून वस्तुस्थिती पाहिली जाते. यावरचा उपाय सोपा आणि दुर्लक्षित आहे. सर्वसाधारण विमा कंपन्या ठरावीक कामासाठी, मजुरांची संख्या आणि एकूण मजुरी जाहीर करून, कामगार भरपाईची पॉलिसी देतात. मोठ्या दुरुस्तीत ती गुत्तेदाराने काढावी आणि तिची प्रत मालकाकडे द्यावी, अशी अट करारात घालता येते. मजुराकडे बांधकाम कामगार मंडळाचे नोंदणी कार्ड आहे का, हेही विचारावे. गावाकडे हे कार्ड ‘पेटी मिळते ते’ म्हणूनच ओळखले जाते, पण कामावर मृत्यू झाल्यास वारसांना ५ लाख रुपयांचे साहाय्य त्याच नोंदणीवर मिळते. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना निराळी. या दोन्हींनी मजुराच्या घराला आधार होतो, नियोक्त्याची कायदेशीर जबाबदारी मात्र त्यांनी फिटत नाही.

एका कामात गुत्ता आणि रोजंदारी हा भेदच कायद्याने पुसून टाकला आहे. ते काम सेप्टिक टँकचे. मे २०२३ मध्ये सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे सेप्टिक टँकची सफाई करताना पाच मजुरांचा मृत्यू झाला. टाकीत साचलेल्या वायूने पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. अशा घटना बहुधा याच क्रमाने घडतात, म्हणून मृतांचा आकडा एकावर थांबत नाही. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाचे कलम ७ सांगते की कोणीही, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, कोणाला गटार वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कामावर लावू नये. ‘अप्रत्यक्ष’ या शब्दामुळे ‘मी तर दुसऱ्याला ठरवून दिले होते’ हे उत्तर उरत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलेली १० लाखांची भरपाई ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली. टाकीची दुरुस्ती करायची असेल तर आधी यंत्राने उपसा करून घेणे आणि साधनांशिवाय कोणालाही आत उतरू न देणे, एवढाच कायदेशीर मार्ग आहे. शौचालयाची टाकी नवी बांधणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीला हे माहीत असायला हवे. ते नसते, हे या जिल्ह्याला फार मोठी किंमत मोजून कळले.

विजेच्या तारांचे त्याहून थोडक्यात सांगता येईल. ११ केव्ही वाहिनीपासून इमारतीचे अंतर उभे ३.७ मीटर आणि आडवे १.२ मीटर राहिले पाहिजे. मजला चढवताना घर तारांजवळ सरकते आणि गच्चीवर हाताळलेली लांब सळई उरलेले अंतर संपवते. वाहिनी हलवण्यासाठी महावितरणकडे अर्ज कामाआधी करायचा असतो. घरातले वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून करून चाचणी अहवाल घेतलेला असेल, तर शॉर्टसर्किटच्या आगीनंतर विमा सर्वेक्षकासमोर तो कागद उपयोगी पडतो.

शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर ती एकट्याच्या मर्जीने पाडता येत नाही, आणि आपल्या हद्दीत खोदतानाही शेजारच्या जमिनीचा आधार काढून घेता येत नाही. वीस वर्षे निर्वेध मिळत आलेला उजेड आणि वारा यांवर हक्क निर्माण होतो, तेव्हा भिंत वाढवण्याआधी शेजाऱ्याची खिडकी किती जुनी आहे ते पाहावे. काम सुरू होण्यापूर्वी शेजाऱ्याच्या घरातील जुन्या भेगांचे तारखेसह फोटो दोघांनी मिळून घेतले, तर पुढचे निम्मे भांडण वाचते. निष्काळजीपणाने पाडकाम वा दुरुस्ती करून माणसांच्या जिवाला धोका उत्पन्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली गुन्हा आहे. त्यात कोणाचा मृत्यू झाला तर कलम १०६ लागते.

मालाच्या बाबतीत परभणीचा खास प्रश्न वाळूचा. गोदावरी आणि पूर्णेची वाळू रात्री येते, स्वस्त येते आणि पावतीशिवाय येते. महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली विनापरवाना गौण खनिज काढणारा, हलवणारा किंवा गोळा करणारा बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाला पात्र होतो. दारात पडलेल्या चार ब्रासच्या ढिगाजवळ तहसीलचे पथक उभे राहिले की वाहतूक पास दाखवण्याची वेळ घरमालकावर येते. ट्रॅक्टरवाला तोवर पुढच्या गावात पोचलेला असतो. घरकुलाच्या लाभार्थ्यांना २०२५ च्या वाळू धोरणात ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत ठेवली आहे. ती मागून घेण्यात कमीपणा नाही.

आता विमा. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून घरांना आग व तत्सम जोखमींचा विमा देणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मसुद्याची पॉलिसी द्यावी लागते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणे, वाहनाची धडक, दंगल, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे हे तिच्यात येते. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर काढतात. जागेची किंमत त्यात धरत नाहीत. १,००० चौरस फुटांचे घर १,८०० रुपये दराने धरले तर १८ लाख, आणि त्याच्या २० टक्के म्हणजे ३ लाख ६० हजारांचे घरसामान यादी न देताही आपोआप येते, कमाल १० लाखांपर्यंत. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत दर वर्षी १० टक्के वाढ धरलेली असते. जुन्या अग्निविमा पॉलिसीत मोठा सापळा असे : २० लाखांचे घर १० लाखांना उतरवले आणि नुकसान ४ लाखांचे झाले, तर हाती २ लाख येत. नव्या पॉलिसीत ही कपात काढून टाकली आहे. वास्तुविशारदाचे शुल्क दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि मलबा हटवण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत मिळतो. मोडलेल्या घराच्या दुरुस्तीत या दोन किरकोळ वाटणाऱ्या रकमा बऱ्याच उपयोगी पडतात.

दुरुस्तीच्या दृष्टीने खरे वाचायचे ते अपवाद. जमीन खचण्याच्या संरक्षणातून नव्या बांधकामाला स्वाभाविकपणे पडणाऱ्या भेगा, भरावाच्या जमिनीचे बसणे, सदोष आराखडा किंवा कारागिरी, निकृष्ट साहित्य, आणि पाडकाम, बांधकाम, रचनेतले फेरबदल, दुरुस्ती किंवा खोदकाम यांमुळे झालेले नुकसान वगळलेले आहे. परभणीच्या भाषेत सांगायचे तर काळ्या मातीने दरवर्षी रुंदावणारी चीर, आणि शेजारच्या पायाच्या खोदकामाने खचलेला कोपरा, या दोन्हींची भरपाई बहुधा मिळत नाही. पहिली झीज म्हणून नाकारतात, दुसरीसाठी खोदणाऱ्याकडे बोट दाखवतात. स्लॅबमधून झिरपणारे पावसाचे पाणीही पुरात मोडत नाही. ते देखभालीचे काम समजले जाते.

माळवदाचा वाद याच सीमेवर होतो. आठ दिवसांची झड लागते, मातीचा थर पाणी पिऊन जड होतो, तुळई वाकते आणि भिंत बसते. घरमालक म्हणतो पावसाने पडले, सर्वेक्षक लिहितो जुनाटपणामुळे पडले. दोन्ही म्हणणी थोडीथोडी खरी असतात, त्यामुळे निकाल पुराव्यावर जातो. गेल्या उन्हाळ्यात माळवदावर माती टाकल्याची मजुरीची पावती, बदललेल्या तुळईचे बिल, दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे फोटो, त्या दिवसांच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यनोंदी हे सगळे हाती असेल तर ‘देखभालच केली नाही’ हा आक्षेप टिकत नाही. अशा रीतीने डागडुजीची बिले विम्याच्या दाव्याचा कणा होतात, आणि घरमालक नेमकी तीच फेकून देतो. विमा घेताना भिंत कसली आणि छत कसले हे प्रस्तावपत्रात खरे लिहावे. माळवद असताना स्लॅब लिहिणे म्हणजे दावा नाकारण्याचे कारण कंपनीच्या हाती आधीच देऊन ठेवणे.

काम चालू असतानाचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. चढवत असलेला मजला जुन्या पॉलिसीत आपोआप येत नाही. मोठ्या कामासाठी ठेकेदाराची सर्व-जोखीम पॉलिसी असते, तीत चालू काम, साहित्य आणि तिसऱ्या पक्षाचे नुकसान यांना संरक्षण मिळते. शेजाऱ्याच्या गाडीवर पडलेली वीट घराच्या साध्या विम्यात बसत नाही. रचनेत बदल करण्याआधी कंपनीला लेखी कळवावे आणि काम संपल्यावर वाढलेल्या क्षेत्रफळाची नोंद पॉलिसीत करून घ्यावी. घर तारण असेल तर बँकेची संमतीही लागते.

विमा नसलेला माणूस पंचनाम्याकडे पाहतो. तलाठी, ग्रामसेवक येतात, मोजमाप होते आणि मदत मिळते, पण ती किती असते हे ठाऊक असावे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती निधीच्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात पूर्ण नष्ट झालेल्या घराला १ लाख २० हजार, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. साडेसहा हजारांत एका भिंतीचा गिलावाही होत नाही. तरी पंचनाम्याची प्रत जपून ठेवावी, कारण विम्याच्या दाव्यात नुकसानीची तारीख आणि कारण दाखवणारा तो तटस्थ कागद असतो. पडझड झाल्यावर सर्वेक्षक येण्याआधी मलबा उचलणे ही नेहमीची चूक. जीव वाचवण्यापुरते टेकू लावावेत, ताडपत्री टाकावी, फोटो काढावेत आणि बाकी तसेच ठेवावे.

सदनिका आणि भाड्याची घरे यांचे नियम थोडक्यात असे. नव्या सदनिकेत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेचा किंवा कारागिरीचा दोष दिसला तर रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. सहकारी संस्थेत गच्चीची गळती संस्थेची, न्हाणीघराची गळती त्या सदस्याची. भाडेकरूंसाठी मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता, ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगे ठेवणे ही मालकाची जबाबदारी. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने ते केले नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. मालकाच्या लेखी संमतीशिवाय त्याने पक्के बांधकाम केले तर ते घर खाली करण्याचे कारण होते.

वाद पेटलाच तर मुदती लक्षात ठेवाव्या लागतात. ग्राहक तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येत असल्याने परभणीच्या माणसाला विमा कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही. करारभंगाच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षे मिळतात, आणि कामाची राहिलेली रक्कम मागणाऱ्या गुत्तेदारालाही तीनच. विमा दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, नंतर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. परभणी जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या क्षेत्रात येतो, तेथे वकील लागत नाही, शुल्क नाही आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा होतो. गुत्तेदार आणि मालक एकाच गावचे असतील तर लोकअदालतीचा मार्ग बरा : तेथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकुमनाम्याचे बळ असते, तिच्यावर अपील होत नाही आणि प्रलंबित दाव्याचे न्यायालयीन शुल्कही परत मिळते.